कणी, उकडा आणि रात्रीचे ९ वाजून ५७ मिनिटे

ठाण्यातल्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवणाऱ्या मॅडमचा प्रश्न असा: "आपल्याकडे भाव चढले की सरकार तांदळाची, कांद्याची निर्यात थांबवतं. जे गरीब देश आपल्या मालावर अवलंबून आहेत, त्यांच्यासाठी जागतिक व्यापार संघटनेचे काही नियम आहेत का? असतील तर ते उपयोगी का पडत नाहीत? आणि आधी आपल्या माणसांचं पोट पाहिलं तर आपलं चुकलं काय? तिसऱ्या वर्षाची मुलं हेच विचारतात, आणि मला समाधानकारक उत्तर देता येत नाही."

मॅडम, मी सव्वीस वर्षं वाशीत धान्याच्या आयात-निर्यातीची कागदपत्रं करते. तांदूळ जातो, तूर येते. शिपिंग बिल (सीमाशुल्काकडे भरायचा निर्यातीचा कागद), फायटो (मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला), फ्युमिगेशनचा म्हणजे धुरीचा दाखला, एलसीच्या (खरेदीदाराच्या बँकेनं दिलेल्या पैशांच्या हमीपत्राच्या) अटी यांतच माझं आयुष्य गेलं. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही, पण कायद्यातलं एखादं वाक्य गोण्यांवर येऊन आदळतं तेव्हा काय होतं ते मी पाहिलं आहे. म्हणून तिथूनच सांगते.

२० जुलै २०२३. आमच्या एका ग्राहकाचा पांढरा, बिगर-बासमती तांदूळ मोझांबिकच्या बैरा बंदरासाठी निघाला होता. आठ कंटेनर, जवळपास दोनशे टन, २५ किलोच्या पिशव्या. पाच कंटेनर न्हावा शेव्याला सीमाशुल्काच्या ताब्यात गेले होते. तीन अजून वाटेत होते, कारण नागपूरकडून येणाऱ्या गाड्या पावसात कसाऱ्याला अडकल्या होत्या. रात्री निर्यातबंदीची अधिसूचना आली. जहाजात माल चढायला लागला असेल, शिपिंग बिल भरलेलं असून जहाज बंदरात लागलेलं असेल, किंवा माल आधीच सीमाशुल्काकडे सोपवलेला असेल तरच तो जाऊ शकेल, असं तिच्यात होतं. ऑगस्टच्या अखेरीस जो खुलासा आला, त्यात वेळही सेकंदापर्यंत दिलेली आहे: रात्रीचे ९ वाजून ५७ मिनिटं १ सेकंद. त्या आधीचा माल जाईल, नंतरचा नाही.

आमचे पाच गेले, तीन राहिले. ते तीन कंटेनर फोडून माल इथल्याच बाजारात तोट्यात विकला. आमच्या ग्राहकाचं नुकसान झालं, पण तो उभा राहिला. बैराच्या व्यापाऱ्यानं तिथल्या दुकानदारांना भाव आधीच कबूल केले होते आणि आगाऊ रक्कमही आपल्याकडे पाठवली होती. उरलेला माल त्याला पाकिस्तानकडून चढ्या डॉलरनं घ्यावा लागला. तो चढा भाव शेवटी कुणी दिला असेल? मीठ, तेल, तांदूळ रोजच्या रोज विकत घेणाऱ्या बाईनं.

हे एका व्यापाऱ्याचं झालं. आता मोठं चित्र पाहा. जगात जेवढा तांदूळ पिकतो त्यातला जेमतेम दहावा हिस्सा सीमा ओलांडतो. बाकीचा जिथे पिकतो तिथेच शिजतो. म्हणजे तांदळाची जागतिक बाजारपेठ फार उथळ आहे, आणि त्या उथळ पाण्यात २०२२ साली सुमारे ४० टक्के माल एकट्या भारताचा होता, साधारण सव्वादोन कोटी टन. एवढा मोठा विक्रेता मागे सरला की उरलेल्यांचे भाव आपोआप चढतात. ऑगस्ट २०२३ मध्ये तांदळाच्या जागतिक भावांनी पंधरा वर्षांतला उच्चांक गाठला. त्यातच ज्या करारामुळे युक्रेनचा गहू काळ्या समुद्रातून बाहेर पडत होता, तो आपल्या बंदीच्या तीनच दिवस आधी, १७ जुलैला संपला होता.

आणि तांदूळ म्हणजे एकच वस्तू नाही, हे मुलांना आवर्जून सांगा. आपल्या कोकणात उकड्या तांदळाची पेज पितात, पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमध्ये उकडाच लागतो. सेनेगलमध्ये कणी, म्हणजे तुकडा तांदूळ, लागते. फ्रेंचांच्या राजवटीत इंडोचायनातल्या गिरण्यांची कणी स्वस्तात तिकडे जायची, तिची सवय लागली, आणि आज त्यांचा मासे-भाताचा राष्ट्रीय पदार्थ कणीशिवाय होत नाही. आपण ज्याची भाकरी थापतो किंवा कोंबड्यांना घालतो, ते तिथल्या सणाचं जेवण आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आपण कणीची निर्यात बंद केली. कारण खरं होतं: कणी पशुखाद्याला आणि इथेनॉलला कमी पडत होती, आणि निर्यातीतला मोठा हिस्सा चीनकडे खाद्यासाठी जात होता. पण बंदीला चीनची कोंबडी आणि सेनेगलच्या डाकारची चूल यांतला फरक कळत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. नियम आहेत, पण त्यांची बांधणी एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल आहे.

आयातीकडे पाहा. प्रत्येक सदस्य देशानं कुठल्या वस्तूवर जास्तीत जास्त किती आयातशुल्क लावीन याची यादी देऊन ठेवली आहे. त्या मर्यादेबाहेर गेलं की विक्रेता देश तक्रार करू शकतो. दुसऱ्याच्या बाजारात माल विकायचा हक्क अशा रीतीनं बांधून ठेवला आहे. निर्यातीकडे मात्र वेगळी कथा आहे. गॅट या जागतिक व्यापाराच्या मूळ कराराचं ११वं कलम बंदी आणि कोटे नको म्हणतं, पण त्याच कलमात सूट आहे: अन्नधान्याची गंभीर टंचाई टाळायची किंवा निवारायची असेल तर तात्पुरती निर्यातबंदी चालेल. तात्पुरती म्हणजे किती दिवस, ते कलमात लिहिलेलं नाही. पांढऱ्या तांदळावरची आपली बंदी सप्टेंबर २०२४ पर्यंत, म्हणजे चौदा महिने चालली. त्याआधीची, २००७-०८ मध्ये घातलेली बंदी २०११ मध्ये उठली. आणि निर्यातशुल्क तर त्या कलमाच्या कक्षेतच येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये उकड्यावर २० टक्के निर्यातशुल्क लावलं, त्याला टंचाईचं कारण दाखवायचीसुद्धा गरज नव्हती.

याच संघटनेच्या शेतीविषयक कराराचं १२वं कलम याहून थोडं पुढे जातं. निर्यात रोखणाऱ्या देशानं आयातदार देशांच्या अन्नसुरक्षेचा 'योग्य विचार' करावा, शक्य तितकं आधी लेखी कळवावं, कुणी विचारलं तर चर्चा करावी. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण ज्या धान्याचे ते स्वतः निव्वळ निर्यातदार आहेत त्या धान्यापुरती ती सूट नाही. म्हणजे तांदळाच्या बाबतीत हे कलम आपल्याला लागू आहे. पण योग्य विचार केला की नाही हे कोण मोजणार? तक्रार केली तर निकालाला वर्षं लागतात, आणि डिसेंबर २०१९ पासून अपील ऐकणारी यंत्रणाच बंद पडली आहे. शिवाय बेनिन किंवा गांबिया कशाला तक्रार करतील? उद्या पुन्हा त्याच दुकानातून घ्यायचं आहे. गावात एकच किराणा दुकान असेल तर दुकानदाराशी भांडून उधारीची वही कोण बंद करून घेईल?

तुमचा दुसरा प्रश्न इथेच सुरू होतो. १९९४ मध्ये मोरोक्कोतल्या मराकेशला हा संघटनेचा करार झाला तेव्हा हा धोका सगळ्यांना दिसत होता. श्रीमंत देशांनी शेतीची अनुदानं कमी केली की धान्य महागेल आणि गरीब आयातदार भरडले जातील, हे तिथे मान्य केलं गेलं. म्हणून एक वेगळा निर्णय लिहिला गेला: अल्पविकसित देश आणि निव्वळ अन्न-आयातदार विकसनशील देश यांच्यासाठी. त्यात अन्नमदत पुरेशी ठेवावी, शेतीसाठी तांत्रिक साहाय्य द्यावं, आयातीचं बिल परवडेनासं झालं तर आंतरराष्ट्रीय संस्थांकडून कर्जाची सोय बघावी, असं म्हटलं आहे. यादी बनली. इजिप्त, केनिया, श्रीलंका, मॉरिशस असे देश तिच्यात आहेत. दरवर्षी जिनिव्हात, संघटनेच्या मुख्यालयातल्या समितीत त्यावर चर्चा होते. पण कोण, किती, केव्हा देणार हे त्या निर्णयात नाही. मी कागदपत्रं करणारी बाई आहे, ज्या कागदावर रक्कम आणि तारीख नाही त्याला आमच्या धंद्यात करार म्हणत नाहीत.

यातलं एक पाऊल खरोखर पुढे पडलं ते जून २०२२ मध्ये. जागतिक अन्न कार्यक्रम मानवतावादी मदतीसाठी जे धान्य विकत घेतो त्यावर निर्यातबंदी घालायची नाही, असं सगळ्या सदस्यांनी ठरवलं. चांगलंच झालं. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं अन्नधक्क्यासाठी वेगळी कर्जखिडकी उघडली, मलावी, गिनी, हैती यांनी त्यातून पैसे घेतले. पण दुष्काळी छावणीतला माणूस मदतीच्या धान्यावर जगतो. मोझांबिकच्या मापुतो किंवा गिनीच्या कोनाक्री शहरातल्या वस्तीतला माणूस बाजारातून विकत घेतलेल्या धान्यावर जगतो, आणि ते आणणाऱ्या व्यापाऱ्याच्या मालाला या निर्णयाचं संरक्षण नाही.

आता तिसरा प्रश्न, आपलं चुकलं काय. इथे मला माझ्या आईची गोष्ट सांगावी लागेल.

आई माणदेशातली. १९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. खडी फोडायच्या कामावर जायची, सुकडी खायची, आणि रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी घशाखाली उतरत नसे, असं ती शेवटपर्यंत सांगायची. त्याच्या सहा-सात वर्षं आधी तर देशाची अवस्था याहून नाजूक होती. पीएल-४८० या अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली तिकडून गहू यायचा, १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आलं, आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन एकेका जहाजाची परवानगी मुद्दाम अडवून धरायचे, कारण भारतानं शेतीचं धोरण बदलावं असा त्यांचा दबाव होता, आणि व्हिएतनाम युद्धावर दिल्ली बोलत होती तेही त्यांना खुपत होतं. शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ जेवू नका म्हणून सांगितलं, ते याच दिवसांत. आज ८० कोटी लोकांना रेशन देणारी कोठारं आहेत ती त्या अनुभवातून उभी राहिली. म्हणून भारतानं जिनिव्हात साठ्याच्या हक्कासाठी ताठ उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं. यात कुणाची माफी मागायचं कारण नाही.

ही साठ्याची भानगड जरा समजून घेण्यासारखी आहे, कारण इथे गरीब आयातदार आणि आपण एकाच बाजूला असायला हवे होतो. नियम म्हणतो, सरकार हमीभावानं धान्य घेऊन साठवतं तेव्हा हमीभाव आणि एक ठरावीक संदर्भभाव यांतला फरक अनुदान समजायचा. विकसनशील देशांना ते उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत चालतं. आणि संदर्भभाव कुठला? १९८६ ते ८८ चा. त्या काळातला तुमच्या पगाराचा आकडा आज कुणी तुमच्यासमोर धरून म्हणालं, याच्यावर मिळतं ते सगळं बक्षीस, तर कसं वाटेल? तसंच हे. तांदळात भारतानं ही मर्यादा २०१८-१९ मध्ये ओलांडली. वाचलो ते २०१३ च्या बाली परिषदेतल्या 'शांतता कलमा'मुळे. तोडगा निघेपर्यंत कुणी खटला भरणार नाही, असं ते कलम. पण ते फक्त ७ डिसेंबर २०१३ ला जी साठा-योजना अस्तित्वात होती तिलाच लागू आहे. ज्या गरीब देशाला आज, दोन-तीन धक्के खाऊन, हमीभावानं धान्य घेऊन स्वतःचं कोठार उभं करायचं आहे त्याला हे छत्र नाही. आपल्या डोक्यावर छत्री आहे आणि जो आता भिजतो आहे त्याच्या नाही. २०२४ च्या अबुधाबी परिषदेतही शेतीवर काहीच ठरलं नाही.

मग त्यांनी स्वतः का नाही पिकवायचं, असं मुलं विचारतीलच. हैतीचं उदाहरण द्या. तिथे १९९५ मध्ये कर्जदात्यांच्या आग्रहावरून तांदळाचं आयातशुल्क ३ टक्क्यांवर आणलं. अमेरिकेचा अनुदानित तांदूळ आला आणि स्थानिक शेतकरी बाजारातून उठला. २००८ मध्ये जगात भाव भडकले तेव्हा दंगे झाले, पंतप्रधान गेले. ज्यांच्या कारकिर्दीत हे घडलं त्या बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये सिनेटच्या समितीपुढे चूक कबूल केली. शेती मोडायला पाच वर्षं लागतात, उभी करायला एक पिढी.

दुसरं उदाहरण आपल्या घरातलं. २०१५ मध्ये तूरडाळ दोनशे रुपये किलो झाली, आठवतं ना? त्यानंतर २०१६ मध्ये भारतानं मोझांबिकशी तूर खरेदीचा करार केला. तिथले लोक तूर फारशी खात नाहीत, आपल्यासाठी पेरली. पुढच्याच वर्षी आपल्याकडे विक्रमी पीक आलं, भाव हमीभावाखाली गेले, आपल्या लातूर-अकोल्याचा शेतकरी रडकुंडीला आला, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली. करारातला माल सुटला, तरी पूर्व आफ्रिकेतले भाव कोसळले. त्या हंगामात तिकडच्या माझ्या ओळखीच्या दलालाचा आवाज फोनवर ऐकवत नव्हता. विचार करा, त्याच देशाला आपण सांगणार की आमच्यासाठी तूर पेरा, तांदूळ आमच्याकडून घ्या, आणि दोन्ही दारं केव्हा बंद होतील ते आम्हालाच ठाऊक. आपल्या लातूरच्या शेतकऱ्याला वाचवणं चूक नव्हतं. पण समोरच्यालाही पेरणीआधी कळायला हवं होतं.

आपणही दाराबाहेर उभे राहिलो आहोत. २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात थांबवली. खाद्यतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार म्हणजे आपणच. साडेतीन आठवडे चाललं ते, पण तेवढ्यात वाशीच्या बाजारात तेलाच्या डब्याचा भाव विचारताना माणसं दोनदा विचारत होती. आपल्याकडे डॉलर होते, मलेशियाचं पाम, सूर्यफूल, सोयाबीन असे पर्याय होते. त्याच वर्षी श्रीलंकेकडे डॉलर नव्हते, तर धान्याचे कंटेनर कोलंबोच्या बंदरात पोचूनही सुटत नव्हते. गरीब आयातदाराची अडचण दुहेरी असते. माल मिळत नाही, आणि मिळाला तर द्यायला चलन नसतं.

मग आपलं चुकतं कुठे? थांबवण्यात नाही, थांबवण्याच्या पद्धतीत. रात्री दहाच्या सुमाराला अधिसूचना, लगेच लागू, आणि सौदा झाला होता का, पैसे आले होते का, हे बघायचं नाही. मे २०२२ च्या गव्हाच्या बंदीत निदान एवढं होतं की आधीच उघडलेल्या अपरिवर्तनीय, म्हणजे परस्पर रद्द न होणाऱ्या, एलसीचा माल जाऊ दिला. तरी कांडल्याबाहेर ट्रकांच्या रांगा लागल्याच. कांद्याचं तेच. सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस बंदी आली, तेव्हा पुढच्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. त्या हसत म्हणाल्या की मी स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलं आहे, आणि आधी कळवलं असतं तर दुसरीकडून आणला असता. दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, पुन्हा तसंच झालं.

माझं मत विचाराल तर सरकारला तीन गोष्टी उद्या करता येतील आणि त्यानं इथल्या रेशनला धक्का लागणार नाही. ज्या सौद्याची आगाऊ रक्कम बँकेत आली आहे किंवा एलसी उघडली आहे तो माल ठरावीक दिवसांत जाऊ द्यावा. बंदरात पोचलेल्या मालापुरती सवलत ठेवली की मोठे निर्यातदार सुटतात आणि छोटे, ज्यांचे कंटेनर कसाऱ्याला अडकतात, ते मरतात. दुसरं, बंदीच्या आधी शुल्क, आणि शुल्क टप्प्याटप्प्यानं, म्हणजे भाव चढतो पण पुरवठा तुटत नाही. तिसरं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. अल्पविकसित आणि निव्वळ आयातदार देशांना, त्यांच्या आधीच्या काही वर्षांच्या सरासरी आयातीइतका माल बंदीतही आपोआप मिळावा. २०२३ मध्ये सरकारनं एका सहकारी निर्यात संस्थेमार्फत भूतानला ७९,००० टन, मॉरिशसला १४,००० टन असा तांदूळ दिला, पुढे गिनी, कॅमेरून, आयव्हरी कोस्ट वगैरेंनाही. म्हणजे देता येतो. पण तो विनंतीअर्जावर, एकेका देशाला, महिनाभरानं किंवा तीन महिन्यांनी मिळाला. ज्याचा दिल्लीत वट आहे त्याला आधी, असं होऊ नये. हक्कानं मिळण्यात आणि मागून मिळण्यात काय फरक असतो, ते मिलोच्या रांगेत उभं राहिलेल्या देशाला समजावून सांगायला लागू नये.

आणि हे आपण स्वतःहून केलं तर जिनिव्हात साठ्याच्या प्रश्नावर आफ्रिकी देश आपल्या बाजूनं जास्त जोरानं उभे राहतील. आज त्यांच्यापैकी काहींना वाटतं, भारताला कोठारही हवं आणि कुलपाची किल्लीही. हे मी खरेदीदारांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

मुलांना घेऊन एकदा वाशीला या. शनिवार नको, सकाळी अकराच्या आत बरं. दाणाबंदरात कणी, उकडा, पांढरा, बासमती शेजारी शेजारी ठेवलेले दाखवते, आणि माझ्याकडच्या अधिसूचनांच्या फायली उघडते. २०२२ ची गव्हाची आणि २०२३ ची तांदळाची अधिसूचना शेजारी ठेवून मुलांना एकच काम द्या: माल वाटेत असलेला व्यापारी यांतल्या कोणत्या वाक्यानं वाचतो आणि कोणत्यानं बुडतो, ते शोधून अधोरेखित करा. दोन तास पुरतील.